सेनापतीचं सेवापुस्तक

संगणकावर ऐतिहासिक युद्धखेळ खेळणाऱ्या माणसाची समजूत असते की आपण साम्राज्य चालवतो आहोत. प्रत्यक्षात तो आस्थापना शाखा चालवत असतो. पैसा, धान्य, घोडे, तोफा यांचं खेळात फारसं अडत नाही. कर वाढवला की पैसा येतो आणि पैसा आला की बाकीचं मागोमाग येतं. अडतं ते माणसांपाशी. शेजारच्या राज्यावर चालून जायला फौज सज्ज आहे, पण तिच्यापुढे घालायचं कुणाला? एक सेनापती म्हातारा झालाय, दुसऱ्याला बाटली सुटत नाही, तिसरा हुशार आहे पण सोळाच वर्षांचा आहे आणि चौथा राजाचा सख्खा पुतण्या असल्यामुळे त्याच्याविषयी काही बोलायची सोय नाही.

यातल्या प्रत्येकाच्या नावावर क्लिक केलं की त्याचं पान उघडतं. सरकारी नोकराचं सेवापुस्तक असतं, तसंच हे. रुजू कधी झाला, कुठे कुठे बदली झाली, कुठे चमकला, कुठे शेण खाल्लं, सगळं नोंदलेलं. वर त्याच्या कर्तबगारीचे तारे, खाली गुणदोषांची यादी. रात्री साडेबाराला घरातले सगळे झोपलेले असताना एखादा चांगला शिकलासवरलेला गृहस्थ पडद्याच्या उजेडात ही पानं वाचत बसतो आणि इसवी सनापूर्वी वारलेल्या माणसाला बढती द्यावी की नाही या विचाराने त्याची झोप उडते.

सेनापती जन्मावा लागतो की घडवावा लागतो, हा वाद फार जुना आहे. इतिहासकारांचं बरं असतं. ते ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. खेळ तयार करणाऱ्याला ती सवलत नाही. संगणकाला तथ्य चालत नाही, आकडा लागतो. सेनापतीचं शौर्य ७३ की ७४, हे त्याला कुणीतरी ठणकावून सांगावं लागतं. त्यामुळे जगातल्या खेळवाल्यांनी या प्रश्नाची बेधडक उत्तरं देऊन टाकली आहेत आणि त्या उत्तरांमधून ज्याचा त्याचा स्वभाव कळतो.

जपानच्या कोएई कंपनीचं उत्तर सगळ्यांत साधं: सेनापती जन्मावा लागतो. १९८५ साली त्यांनी चीनच्या तीन राज्यांच्या काळावर, म्हणजे हान घराणं मोडकळीला आलं त्या धामधुमीवर, एक खेळ काढला. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात शेकडो सरदार आणि प्रत्येकाच्या कपाळावर शंभरांपैकी गुण. लू बू हा योद्धा म्हणजे शौर्यात पैकीच्या पैकी. झूगे लियांग हा मंत्री म्हणजे बुद्धीत पैकीच्या पैकी. आणि शू राज्याचा शेवटचा राजा लिऊ शान याची गुणपत्रिका अशी, की घरी दाखवायची सोय नाही. बिचाऱ्याने सुमारे साडेसतराशे वर्षांपूर्वी राज्य घालवलं, त्याची शिक्षा तो आजही प्रत्येक आवृत्तीत नव्याने भोगतो आहे. कुंडलीच अशी पडल्यावर शिकवणी लावून किती फरक पडणार?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या २०१३ सालच्या स्वीडिश खेळाचं उत्तर आहे लॉटरी. लष्करी खात्यातले ५० गुण मोजायचे, की एक सेनापती हजर होतो. बंदुकांची लढाई, अंगावर धावून जाणं, फौजेच्या हालचाली आणि वेढा, अशा चार विषयांत त्याला शून्य ते सहा गुण मिळालेले असतात. सैन्याने आधी बऱ्याच लढाया मारल्या असतील तर चांगला नग निघण्याची शक्यता वाढते. पण सैन्याची ही परंपरा वापराविना दरवर्षी ५ टक्क्यांनी झिजते. म्हणजे फार दिवस शांतता नांदली की सेनापतींचं पीक बिघडतं. शांततेचा हा तोटा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुणी दिला नव्हता.

याच खेळात एक कौटुंबिक सोयही आहे. युवराज सज्ञान झाला की त्याला सेनापती करता येतं. त्याला लढाईचा अनुभव मिळावा हा वरवरचा हेतू. पण राजाच्या आणि युवराजाच्याही पानावर राज्यकारभाराचे गुण असतात आणि एखाद्या युवराजाला तिन्ही खात्यांत मिळून भोपळा मिळालेला असतो. असा मुलगा गादीवर आला तर पुढची चाळीस वर्षं राज्याचं मातेरं. मग खेळाडू काय करतो? तो त्याला मोठ्या समारंभाने सेनापतिपद बहाल करतो आणि जिथे सगळ्यांत तुंबळ लढाई चालू असेल तिथे पाठवतो. मुलगा लढाईत पडला की नवा वारस मिळण्याची आशा. पडला नाही तर पुन्हा पाठवतो. यातली गंमत अशी की अशा पोरांना कधी काही होत नाही. गुणी, कर्तबगार युवराज पहिल्याच चकमकीत गारद होतो आणि हा भोपळा मात्र तीन साम्राज्यांशी लढून, धडधाकट, उन्हाने जरासा रापलेला असा घरी परत येतो.

‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) या अमेरिकी खेळाचा विश्वास इमारतींवर. छावणी उभारा, बराक बांधा, की दर फेरीला थोडेथोडे गुण साठत जातात आणि पुरेसे साठले की इतिहासातला एखादा थोर सेनापती तुमच्याकडे रुजू होतो. तो स्वतः लढत नाही. तो नुसता जवळपास उभा राहतो आणि दोन घरांच्या आतल्या, त्याच्या काळातल्या पलटणींचं बळ पाचाने वाढतं. कोण कुणाकडे जाईल याला मात्र धरबंध नाही. त्या यादीत राणी लक्ष्मीबाई आहेत आणि गुण आधी साठवले तर त्या नॉर्वेच्याही सैन्यात दाखल होतात. तांब्यांच्या मनूने बर्फात उभं राहून व्हायकिंगांना धीर द्यावा, हा योग इतिहासाने आणला नव्हता. तो बराकींनी आणला. याच यादीत सुन त्झू आहे. त्याला निवृत्त केलं की तो युद्धकलेवरचं आपलं पुस्तक लिहून देतो. लष्करातून निवृत्त झाल्यावर माणूस पुस्तक लिहितो, एवढं एक निरीक्षण मात्र या खेळाने अचूक टिपलं आहे.

पण या सगळ्यांवर ताण केली ती इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्ली कंपनीच्या ‘रोम: टोटल वॉर’ने. हा २००४ सालचा खेळ आता जुना झाला, पण माणूस घडतो कसा याबद्दल त्याचं म्हणणं आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराला पटेल. त्याचं म्हणणं: संगत. तुम्ही कुठे राहता, कुणाबरोबर राहता आणि रिकाम्या वेळात काय करता, यावर तुमचं पान भरत जातं.

ज्युलियस घराण्यातल्या एका क्विंटसची कारकीर्द जवळून पाहू. सोळाव्या वर्षी तो सज्ञान होतो आणि नकाशावर उभा राहतो. पान जवळपास कोरं. पहिली कामगिरी म्हणून त्याला रस्त्यात दबा धरून बसलेल्या लुटारूंवर धाडायचं. ते तीसचाळीस, हा चारपाचशे शिपाई घेऊन जाणार. विजय. एखादा तारा. पुन्हा लुटारू, पुन्हा विजय. मग गॉल लोकांचं एखादं गाव. कुठे भाल्याचा वार बसला तर अंगावर व्रण येतो, त्याचीही पानावर अभिमानाने नोंद होते आणि तो आणखी चिवट होतो. एखाद्या लढाईनंतर त्याच्या पदरी वैद्य येतो. त्यामुळे जखमी शिपाई जास्त वाचतात. पुढे कवायत घेणारा मास्तर येतो, गणिती येतो. अशी आठ माणसं तो पदरी बाळगू शकतो. पंचविशीत पाच तारे. पडद्याकडे पाहताना खेळाडूला भरून येतं.

आणि इथेच तो चूक करतो. क्विंटसला विश्रांती मिळावी म्हणून त्याला एका सुखवस्तू शहराचा कारभारी नेमतो. शहरात बाकस देवाचं देऊळ आहे. प्रजा खूश राहावी म्हणून ते आपणच बांधलेलं. बाकस ही द्राक्षांच्या मळ्यांची आणि पुढच्या सगळ्या प्रक्रियेची देवता. प्रजा खूश होते, पण कारभारी तिच्यापेक्षा जास्त खूश होतो. पानावर नोंद पडते: घोटभर घेतो. चार फेऱ्यांनी: बरीच घेतो. मग आखाड्यातल्या झुंजींचा नाद. शिवाय राज्याच्या खजिन्यात ५०,००० दिनारियसच्या वर शिल्लक पडून असेल, तर कारभाऱ्यांना ती दिसते. मग पानावर भ्रष्टाचाराची ओळ उमटते आणि एकदा उमटली की वाढतच जाते. पैसे खजिन्यात ठेवले तर माणसं बिघडतात म्हणून रातोरात ते कशावरही उडवून टाकणारे खेळाडू मी पाहिले आहेत. मार्च महिन्यात आपली सरकारी खाती एवढ्या उदात्त हेतूने खर्च करत असतील असं वाटत नाही.

चाळिशीतला क्विंटस असा दिसतो: सात तारे, पाचसहा व्यसनं, एक वैद्य, एक नट. आता त्याच्या वयाकडे लक्ष जातं आणि खेळाडू निष्ठुर होतो. पदरची माणसं एका सेनापतीकडून दुसऱ्याकडे देता येतात, दोघं एकाच शहरात असले म्हणजे झालं. मग म्हाताऱ्याला भेटायला म्हणून पुतण्याला पाठवायचं आणि भेट संपते तेव्हा वैद्य, गणिती आणि कवायत मास्तर पुतण्याबरोबर निघालेले असतात. म्हाताऱ्याकडे नट तेवढा ठेवायचा. तोही उपकार म्हणून नव्हे. तो कुणालाच नको असतो म्हणून.

घरात मुलगे कमी पडले तर बाहेरून भरती होते. मुलीला स्थळ सांगून येतं तेव्हा आधी जावयाचे तारे पाहता येतात आणि मगच होकार द्यायचा. त्याचं घर, शेती, स्वभाव काही विचारायचं नाही. वेढा घालायला येतो का, एवढंच. दुसरी वाट दत्तकाची. एखादा साधा कप्तान, ज्याला स्वतःचं पानही नाही, बलाढ्य शत्रूला हरवून आला तर घराणं त्याला दत्तक घेतं. काल छावणीत कांदा चिरणारा आज ज्युलियस होतो. वशिल्याच्या त्या जगातला एवढा एकच दरवाजा गुणवत्तेसाठी उघडा आहे. तोही खेळाडूच्या निष्काळजीपणामुळे, कारण फौज सेनापतीविना पाठवली होती म्हणूनच ती कप्तानाच्या हाती आली.

हे सगळं बघता बघता खेळाडूच्या ध्यानात एक गोष्ट येते: तारे मिळवण्यासाठी युद्ध जिंकायची गरज नाही, युद्ध चालू ठेवायची गरज आहे. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) हा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ १ जानेवारी १९३६ला सुरू होतो. त्या दिवशी इटली इथिओपियात घुसलेली असते. खऱ्या इतिहासात ते युद्ध मे महिन्यात आटोपलं. खेळात इटलीचे खेळाडू ते आटोपू देत नाहीत. कारण इथे सेनापती ज्या जमिनीवर लढतो, त्या जमिनीचं प्रावीण्य त्याला मिळतं. डोंगरात लढला तर डोंगरी लढाईचं, नदी ओलांडून लढला तर अभियांत्रिकीचं. मग एका मरणपंथाला लागलेल्या फौजेला मरू न देता, सेनापती पाळीपाळीने तिच्यावर पाठवायचे. खेळाडूंच्या भाषेत याला दळण म्हणतात आणि शब्द चपखल आहे, फक्त जात्यात कोण आहे ते बोलायचं नसतं.

आमच्या पुतण्याचं असं दळण एका सुट्टीत चालू होतं. आमची आई, म्हणजे त्याची आजी, दुपारी शेंगा सोलत मागे बसली होती.

“काय रे, कालपासून तोच नकाशा? अजून जिंकला नाहीस?”

“आजी, जिंकायचं नाहीये मला. जिंकलो तर युद्ध संपेल.”

“मग संपू दे की.”

“संपलं तर सेनापतींना अनुभव कसा मिळणार? या पाचव्याला अजून डोंगर यायचाय.”

आजीने हातातली शेंग परातीत ठेवली. “आणि ती समोरची माणसं तोवर काय करतात?”

पुतण्याने क्षणभर नकाशाकडे पाहिलं. “ती? ती बचाव करतात. त्यांच्याही सेनापतींना अनुभव मिळतो, आजी.”

“हो, त्यांचंही कल्याणच चाललंय म्हणायचं,” असं म्हणून आजीने शेंग पुन्हा उचलली.

या खेळात काही बुजुर्ग सेनापतींच्या पानावर ‘जुन्या वळणाचा’ असा शिक्का असतो. त्याचा परिणाम एवढाच की त्यांना नवा अनुभव सावकाश मिळतो. हा शिक्का शोधणाऱ्याने नक्कीच कुठेतरी नोकरी केलेली असणार. आणि याच मालिकेच्या २००९च्या तिसऱ्या भागात बढतीचा नियम त्याहून मार्मिक होता: सेनापतीला वरच्या हुद्द्यावर नेलं की त्याच्या कौशल्याची एक पायरी कमी व्हायची. चांगला डिव्हिजन सांभाळणारा होता, कोअर दिली. एक पायरी गेली. आर्मी दिली, आणखी एक गेली. शिखरावर पोचेपर्यंत तो इतका साधारण व्हायचा की त्याच्या हाताखालचे सगळे त्याच्यापेक्षा हुशार असायचे.

खेळाडू यावर चिडायचे, पण इतिहास खेळाच्या बाजूने उभा आहे. लुडविग फॉन बेनेडेक हा ऑस्ट्रियाचा सेनानी १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईत आपल्या बाजूला इतका खंबीर उभा राहिला की हरलेल्या लढाईतही त्याचं नाव झालं. उत्तर इटलीतला काना-कोपरा त्याला ठाऊक होता. १८६६मध्ये प्रशियाशी युद्ध जुंपलं तेव्हा लोकप्रिय माणूस म्हणून त्याला बोहेमियातल्या मुख्य सैन्यावर पाठवलं. मला इटलीत राहू द्या, तिकडचा मुलूख माझ्या ओळखीचा नाही, असं तो परोपरीने सांगत होता. बढती नाकारणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. ३ जुलैला कनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाची वाताहत झाली. १९६९ साली लॉरेन्स पीटरने माणूस आपल्या नालायकीच्या पायरीपर्यंत बढती घेत जातो, असा सिद्धान्त पुस्तक लिहून मांडला. बेनेडेकच्या पानावर तो १०३ वर्षं आधीच नोंदलेला होता.

खेळांची खरी अडचण दुसरीच आहे. पराभवातून माणूस शिकतो हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. ‘रोम’मध्ये सेनापती रण सोडून पळाला की पानावर ‘भित्रा’ अशी नोंद होण्याची टांगती तलवार असते. आता १० एप्रिल १७४१ची मोलविट्झची लढाई घ्या. प्रशियाचा तरुण राजा फ्रेडरिक, पहिलीच मोठी लढाई. ऑस्ट्रियाचं घोडदळ अंगावर आलं, लढाई हातची जाते असं दिसलं, तेव्हा सेनापती श्वेरीनने त्याला निघून जायची विनंती केली. फ्रेडरिकने ती मानली आणि घोडा जो दामटला तो थेट दूरवर. मागे श्वेरीनने पायदळाच्या जोरावर लढाई जिंकून टाकली. आपण जिंकलो ही बातमी राजाला पळून गेल्यावर कळली. खेळाने त्याच्या पानावर पहिलीच ओळ ‘भित्रा’ अशी घातली असती आणि आस्थापना शाखेने त्याला उरलेला जन्म एखाद्या आडगावचा कर वसूल करायला बसवलं असतं. इतिहासाने त्याला ‘द ग्रेट’ म्हटलं.

किंवा रोमचा सेनानी सिपिओ. इसवी सनपूर्व २१८ला तिचिनस नदीपाशी वडील सेनापती असताना हरला, २१६ला कॅनीच्या कत्तलखान्यातून वाचला. दोन्हीकडे तो मुख्य सेनापती नव्हता हे खरं. पण समोरचा सेनापती हॅनिबल दोन्ही बगलांनी शत्रूला कसा गिळतो, हे त्याने गिळल्या जाणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून पाहिलं. त्या शिक्षणाचे तारे खेळ देणार किती? शून्य. पंचविशीच्या आसपास स्पेनची कामगिरी त्याने मागून घेतली आणि २०२ला झामापाशी खुद्द हॅनिबलला हरवलं. त्याच्या पानावर लुटारू किती हे शोधून पाहावं, सापडणार नाहीत.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. ‘रोम’ काढणाऱ्या कंपनीच्याच ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. मोहीम १७०० साली सुरू होते. तो खेळ हाती आला तेव्हा मराठी घरांतून मुघलांचा जो फडशा पडला, त्याची दप्तरं पुणेकर इतिहाससंशोधकांना सापडायची नाहीत. पण तारे मिळवायचे तर तिथेही एकच मार्ग: समोरासमोर उभं राहा, तोफा लावा, माणसं कापा. आता १७२८चं पालखेड पाहा. बाजीरावाने काय केलं? निजामाला नको तिकडे पळायला लावलं, त्याचा अवजड तोफखाना मागे पडेल असं पाहिलं आणि मग त्याला अशा जागी कोंडलं की दाणाही मिळेना नि पाणीही. मोठी लढाई झालीच नाही. मार्चमध्ये निजामाने मुंगी-शेवगावला तह करून मान तुकवली. कितीजण कापले गेले? नगण्य. मग तारे किती? खेळाच्या त्रैराशिकात बाजीराव नापास. गनिमी काव्याचा सगळा मुद्दाच हा, की शत्रूला लढाईचं समाधान मिळू द्यायचं नाही. आणि खेळातला परीक्षक तर लढाई झाल्याशिवाय पेपरच तपासत नाही.

उलट ज्याच्या पानावर दहा तारे झळकतात, त्याची झडती घ्या. निम्मे लुटारू, पाव बंडखोर शेतकरी, उरलेले आधीच अर्धमेले शत्रू. शिवाय सगळ्यांत मोठी गोम वेगळीच. खेळाडूने लढाईपूर्वी खेळ साठवून ठेवलेला असतो. लढाई हरली की साठवलेली जागा उघडायची आणि पुन्हा लढायचं. तिसऱ्या प्रयत्नाला जिंकलं की पानावर एकच नोंद: दैदीप्यमान विजय. आधीचे दोन पराभव त्या बिचाऱ्या सेनापतीच्या स्मरणातही नाहीत. ज्यातून तो काही शिकला असता तेवढंच नेमकं पुसलं गेलं. फ्रेडरिकच्या नावावर एक बोचरा शेरा सांगतात. अनुभवाच्या बढाया मारणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल तो म्हणे, सैन्यात अशीही खेचरं आहेत ज्यांनी कैक मोहिमा पाहिल्या, तरी ती खेचरंच राहिली. मोलविट्झहून जो आधी पळाला आणि मग शिकला, त्याला हे बोलायचा अधिकार होता.

मुळात हा प्रकार सुरू झाला तो असा नव्हता. १८२४ साली प्रशियाच्या फॉन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावरचा युद्धखेळ सेनाप्रमुख म्युफ्लिंगना करून दाखवला. एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, ठोकळ्यांच्या पलटणी, फासे, दोन-दोन मिनिटांच्या चाली आणि मध्ये पंच. म्युफ्लिंग सुरुवातीला कंटाळल्यासारखे बसले होते म्हणतात. शेवटी इतके खूश झाले की त्यांनी तो सैन्यात सर्वत्र शिकवावा असं सुचवलं. त्या खेळात ठोकळ्याला तारे मिळत नव्हते. तो ठोकळा होता आणि ठोकळाच राहायचा. शिकायचा तो टेबलाशी उभा असलेला अधिकारी. त्याने मूर्ख चाल केली तर पंच ते सगळ्यांदेखत सांगायचा आणि रात्रीच्या जेवणात बाकीचे अधिकारी तेच पुन्हा सांगायचे. ती लढाई पुन्हा उघडायची सोय नव्हती.

दोनशे वर्षांत आपण फार प्रगती केली. आता ठोकळा शिकतो. ठोकळ्याला गुण मिळतात, व्रण मिळतात, दारूचं व्यसन लागतं, कवितेचाही नाद लागतो. ‘शोगुन २’मध्ये (२०११) सेनापतीने लढाया मारून कमावलेला अनुभव कवी होण्यावर खर्च करता येतो आणि काही खेळाडू तो करतातही. खुर्चीतला माणूस मात्र आहे तिथेच आहे. तो चुकीच्या जागी क्लिक करतो आणि घोडदळ भाल्यांवर आदळतं. पानावर ओळ येते, सेनापती बेजबाबदार. तो वेळेत कुमक पाठवत नाही आणि फौज फुटते. ओळ येते, सेनापती भित्रा. तो देऊळ बांधतो आणि कारभारी दारूडा ठरतो. खेळात राजालाही पान आहे, युवराजाला आहे, कप्तानालाही नशीब उघडलं तर आहे. पान नाही ते फक्त त्या एका माणसाला, जो या सगळ्यांना रणात पाठवतो आणि स्वतः चहा प्यायला उठतो. सेवापुस्तक भरणाऱ्याचं सेवापुस्तक कुणी भरत नाही. खेळवाले पोशाखांवर, तोफांवर, किल्ल्यांच्या दगडांवर एवढी मेहनत घेतात, पण हे खेळ ऐतिहासिकदृष्ट्या अचूक वाटतात ते मला तरी याच एका कारणामुळे वाटतात.